भिल्ल एजंट आणि त्याचे कागद

नंदुरबार परिसराच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाकडे वळताच जेम्स आउट्रमचे नाव समोर येते. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. लष्करी मोहिमा काढूनही सातपुड्यातील भिल्ल आवरेनात, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, १८२५ मध्ये, धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. नंदुरबार-सुलतानपूरचा मुलूख वायव्य एजन्सीत आला. मागचे गुन्हे माफ करून, तगाई देऊन भिल्लांना शेतीकडे वळवणे हे एजंटाचे काम. त्याच्या जोडीला धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी राहिली. बावीस वर्षांच्या आउट्रमकडे ती सोपवली गेली आणि दहा वर्षे त्याने ती सांभाळली.

भिल्लांसोबत शिकार करणारा, त्यांच्यात निर्धास्त वावरणारा शूर साहेब असे त्याचे चित्र चरित्रकारांनी रंगवले. ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या विश्वासाचा उपयोग कोणाला झाला? १८३० मध्ये आउट्रम डांगांवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यात हीच पलटण होती.

हा प्रयोग खानदेशापुरता नव्हता. अमेरिकेत क्रीक लोकांसाठी १७९६ मध्ये नेमलेला एजंट बेंजामिन हॉकिन्स नांगर आणि चरखा घेऊन वीस वर्षे त्यांच्यात राहिला. तरीही १८१४ च्या तहाने क्रीकांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. खानदेशात तसा तह झाला नाही. पण ‘स्थिर शेतकरी म्हणजेच सुधारलेला माणूस’ हे गृहीतक दोन्हीकडे एकच होते.

सेंधवा घाटातील रस्त्याची राखण करणारा सरकारी चाकर खाजा नाईक १८५७ मध्ये बंडात उतरला. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीची लढाई झाली. विश्वासाची ती कहाणी किती एकांगी होती, हे तेव्हा उघड झाले.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे : एजंटाचा अहवाल हाही एक कथनप्रकारच आहे. त्याला नायक आहे, संकट आहे, सुखान्त शेवटही आहे. त्यात भिल्ल कधी लुटारू, कधी शिपाई, कधी शेतकरी म्हणून येतो. निवेदक म्हणून मात्र येत नाही. त्याची भाषा मौखिक, आणि दप्तर इंग्रजीत. आज नंदुरबारच्या महाविद्यालयांत भिल्ल-पावरा समाजाची मुले हाच इतिहास वाचतात. त्यांच्यापुढे हे कागद ठेवताना ‘हे कोण बोलते आहे?’ हा प्रश्न आधी विचारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.