देवमाशाची वंशावळ

देवमाशाच्या कुळाचा तंटा फार जुना आहे. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलने नोंदविले होते. तथापि या प्राण्यांचे नाव मत्स्यवर्गाच्या दप्तरातून खारीज करून लिनियसने ते सस्तनवर्गात दाखल केले, ते १७५८ साली. पुढे सस्तनांतील कोणती शाखा त्यांस निकटची, हा वाद उरला. दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड नामक लुप्त मांसाहारी श्वापदांकडे पूर्वजत्वाचा मान जाऊ लागला होता.

परंतु १९५० साली जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी असा दंडक घालून दिला होता की, केवळ सादृश्य हा नात्याचा दाखला नव्हे, कारण सारख्या जीवनक्रमामुळे परक्या कुळांतही सारखी इंद्रिये घडतात. निकट पूर्वजाकडून विशिष्ट समूहालाच लाभलेली नवी लक्षणे तेवढी ग्राह्य. १९९०नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी जनुकद्रव्याची तपासणी केली, तेव्हा त्यात ठराविक जागी शिरलेले काही अंश देवमासा व पाणघोडा या दोघांतच सामाईक निघाले; हेनिग यांच्या दंडकास उतरणारी नवी लक्षणेच ती.

जीवाश्मांची साक्ष मागाहून आली. २००१ साली पाकिस्तानातील आदिम देवमाशांच्या अवशेषांत घोट्याचे जे हाड मिळाले, त्याची दोन्ही टोके पाणघोडा ज्यांत मोडतो त्या समखुरी प्राण्यांप्रमाणे कप्पीच्या घडणीची होती. आणि २००७ साली जम्मू-काश्मीरच्या कालाकोट परिसरातील इंडोहायस या लहानशा समखुरी प्राण्याच्या कर्णास्थीत देवमाशाचे खास लक्षण दिसून आले. परस्परांशी संगनमत नसलेल्या दोन साक्षीदारांची जबानी अशी जुळली, म्हणूनच मेसोनिकिडांचा दावा बहुतांशी निकालात निघाला.