खोडदची दुर्बीण आणि अडलेला मोडेम

डायल-अपच्या काळात लिनक्सवर मोडेम चालत नाही म्हणून खापर लिनक्सवर फुटे, ते अन्यायाचे होते. सिरियल पोर्टला जोडलेला बाहेरचा मोडेम एटी आज्ञा मिळताच बिनबोभाट नंबर फिरवी आणि पीपीपी जोडणी जमे. अडे ते स्वस्त ‘विनमोडेम’पाशी. त्यातली संकेतांची उकल करणारी चिपच वगळलेली, ते काम विंडोजवरच्या सॉफ्टवेअरकडे ढकललेले आणि त्याचा तपशील कंपनीच्या कुलपात. मग चिप वगळणे हीच चूक, असे कोणी म्हणेल. जुन्नर तालुक्यातली खोडदची जीएमआरटी दुर्बीण याला उत्तर देते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत जुळवण्याचे काम तिथे आधी खास घडवलेली यंत्रणा करी. २०१० च्या सुमारास ते बाजारातली एडीसी कार्डे आणि ४८ संगणकांचा लिनक्स समूह करू लागला. युक्ती तीच, फक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या हाती. तिथे तज्ज्ञ होते, हे खरेच. पण तपशील दडवला की तज्ज्ञही चाचपडतो. म्हणून उपकरण घेताना किमतीइतकीच त्याच्या खुल्या माहितीचीही चौकशी करा.