कानाशी आलेले गाणे

दिवाळीच्या खरेदीची यादी पूर्वी ठरलेली असे. कपडे, भांडी, फार तर एखादा रेडिओ. हल्ली त्या यादीत हेडफोन येऊन बसला आहे, आणि तोही फुटपाथवरचा नव्हे, पगाराचा चांगला लचका तोडणारा. घरी आणून तो मोबाईलला जोडला की गाणे ऐकू येते खरे, पण ज्या गोडव्यासाठी एवढे पैसे मोजले तो काही कानी पडत नाही. मग एक जाणता म्हणतो, "ह्याला चांगला ॲम्प्लिफायर हवा." दुसरा सांगतो, "ॲम्प्लिफायर राहू द्या, तुमचा सोर्सच बरा नाही." सोर्स म्हणजे गाण्याचा उगम: तबकडी, कॅसेट, सीडी किंवा मोबाईल. बिचारा श्रोता दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो आणि शेवटी जे महाग असेल तेच चांगले असेल अशी मनाची समजूत घालून तिसरी वस्तू घेऊन येतो.

ह्या गोंधळातून बाहेर पडण्याचा एक मार्ग इतिहासाने दाखवून ठेवला आहे. उगम, ॲम्प्लिफायर आणि हेडफोन ही तीन भावंडे एका दिवशी जन्मली नाहीत. ज्या क्रमाने ती आली आणि ज्या अडचणीपोटी आली, तो क्रम समजला की कोणाचे काम काय, हे आपोआप उलगडते.

आरंभ पॅरिसला झाला. सन १८८१ मध्ये तेथे विजेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच संशोधकाने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ओळीने टेलिफोनची ध्वनिग्राहक यंत्रे बसवली आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. तेथे माणसे रांग लावून उभी राहत, दोन कानांना दोन टेलिफोन लावीत, आणि दूरच्या रंगमंचावरचे गाणे ऐकत. डाव्या कानाची तार रंगमंचाच्या एका ठिकाणची, उजव्या कानाची दुसऱ्या ठिकाणची. त्यामुळे गायक इकडून तिकडे चालत गेला तर तेही कानांना कळे. ज्याला आपण आज 'स्टिरिओ' म्हणतो तो चमत्कार असा हेडफोनच्याही आधी घडला. पुढे ह्यातूनच 'थिएट्रोफोन' नावाची वर्गणी भरून घेण्याची सोय निघाली. प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये तिचे वर्गणीदार होते आणि अंथरुणात पडल्या पडल्या ऑपेरा ऐकत.

ह्या सगळ्या खटाटोपात ॲम्प्लिफायर कोठेच नव्हता. तारेतून जेवढी क्षीण वीज येई तेवढ्यावरच भागवावे लागे. म्हणजे कानाला लावायचे यंत्र जितके हलक्या स्पर्शाला जागे होणारे, तितके गाणे अधिक. हे जाणून ज्याने पहिला खरा हेडफोन केला तो अमेरिकेतल्या यूटा प्रांताचा नेथॅनिएल बाल्डविन. प्रार्थनामंदिरातील प्रवचन नीट ऐकू येत नाही, ह्या तक्रारीतून त्याचा हा नाद सुरू झाला असे सांगतात. १९१० मध्ये त्याने आपली एक जोडी अमेरिकन आरमाराकडे पाठवली. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी ती कानाला लावून पाहिली आणि आश्चर्याने थक्क झाले. बिनतारी संदेशाचे जे 'टक टक' आजवर अस्पष्ट येई ते स्वच्छ येऊ लागले. मागणी आली, तेव्हा बाल्डविनने कळवले की मी हे स्वयंपाकघरात बसून करतो, एका वेळी थोडेच देता येतील! पुढे त्याने कारखाना काढला, भरभराटही पाहिली आणि अखेर तो बुडालेलाही पाहिला. पण त्याच्या कामाचे मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वीज वाढवणारे साधन हाती नसल्यामुळे त्याने कणभर विजेतून मणभर आवाज काढणारा हेडफोन घडवला.

त्याच काळात घरोघर 'क्रिस्टल रेडिओ' आले. शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, लांब एरियल आणि हेडफोन, एवढेच त्याचे साहित्य. अशा खड्याचा लहरी पकडण्यासाठी उपयोग करण्याचे अमेरिकन पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बसूंना मिळाले होते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. ह्या रेडिओला ना बॅटरी, ना विजेची जोडणी. आकाशातून जेवढी शक्ती एरियलवर उतरेल तेवढीच कानापर्यंत जाई. मुंबईत १९२३ च्या जूनमध्ये रेडिओ क्लबने पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट. केंद्राजवळ राहणाऱ्याला खड्याचा रेडिओ आणि हेडफोन पुरे. दूरच्याला मात्र व्हॉल्व्हचा महागडा रेडिओ हवा. ती कंपनी १९३० मध्ये बंद पडली, पण श्रोत्यांना एक धडा मिळून गेला: उगम जवळ आणि जोमदार असेल तर मधल्या यंत्राची गरज कमी.

मधले यंत्र आले ते व्हॉल्व्हच्या रूपाने. ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकनाने १९०६ मध्ये 'ऑडिऑन' नावाची काचेची नळी बनवली. तिचे सामर्थ्य खुद्द त्यालाही पुरते उमगले नव्हते. इतरांनी ती सुधारली आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को ह्यांच्यामध्ये, पाच हजार किलोमीटरांहून अधिक तारेवरून, बेल आणि वॉटसन हे जुने सोबती पुन्हा एकमेकांशी बोलले. वाटेत दमलेल्या आवाजाला ह्या नळ्या नवा जोर देत होत्या. ॲम्प्लिफायरचे काम ते एवढेच: आलेला सूर जसाच्या तसा ठेवून त्याच्यामागे बळ उभे करणे. तो सूर सुधारत नाही. रहाट पाणी वर काढतो, गोड करीत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

गंमत अशी की, बळ आले आणि हेडफोनचे दिवस फिरले. कर्णे आले, मग १९२५ च्या सुमारास राइस आणि केलॉग ह्यांनी आजच्या धर्तीचा लाउडस्पीकर सिद्ध केला, आणि सारे कुटुंब एकत्र बसून रेडिओ ऐकू लागले. हेडफोन तारमास्तर, वैमानिक आणि ध्वनिमुद्रक ह्यांच्या डोक्यावर उरला. बर्लिनच्या ऑयगेन बायर ह्यांनी १९३७ मध्ये लाउडस्पीकरसारखेच चुंबक आणि वेटोळे वापरून 'डीटी ४८' हा हेडफोन केला; पण तो मुख्यतः कामकरी लोकांचा.

त्याला पुन्हा दिवाणखान्यात आणले जॉन कॉस ह्या अमेरिकेतील मिलवॉकीच्या वादकाने. १९५८ मध्ये त्याने आणि त्याचा अभियंता सोबती मार्टिन लँग ह्याने एकट्याने ऐकण्याजोगा फोनोग्राफ प्रदर्शनात मांडला. फोनोग्राफकडे कोणी फारसे पाहिले नाही. सोबत ठेवलेल्या हेडफोनसाठी मात्र झुंबड उडाली. त्याच वर्षी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या होत्या, त्याचा हा योग. पण अडचण निराळीच होती. त्या काळच्या ॲम्प्लिफायरला हेडफोनसाठी भोकच नसे. मग उत्पादकांनी सोपी युक्ती काढली. लाउडस्पीकरकडे जाणाऱ्या तारेतच मध्ये एक रोधक घालून ती हेडफोनला दिली. बळ आवरले गेले, पण सुरात किंचित फेरफार होऊ लागला.

तो कसा, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू. हेडफोनच्या अडथळ्याला 'ओहम' ह्या मापाने मोजतात, आणि तो अडथळा प्रत्येक सुराला सारखा नसतो. समजा एका हेडफोनचा अडथळा मधल्या सुरांना ३२ ओहम व खर्जाला ६४ ओहम आहे. ॲम्प्लिफायरच्या पोटातला अडथळाही ३२ असला, तर मधल्या सुरांना निम्मा दाब मिळेल आणि खर्जाला दोनतृतीयांश. म्हणजे खर्ज सुमारे अडीच डेसिबलने फुगेल. पोटातला अडथळा २ ओहम असेल, तर हाच फरक पाव डेसिबलवर येतो आणि कानाला कळतही नाही. म्हणून जाणकार सांगतात की ॲम्प्लिफायरचा अडथळा हेडफोनच्या एकअष्टमांशाहून कमी असावा. जुन्या धाटणीच्या यंत्रांत तो शंभराच्याही वर आढळतो. तेथे महागडा हेडफोन लावूनही गाणे जड वाटले तर दोष हेडफोनचा नव्हे.

पुढच्या दहा वर्षांत दोन वाटा फुटल्या. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये स्थितिक विजेवर हलणाऱ्या पातळ पडद्याचा हेडफोन विकायला काढला. त्याला शेकडो व्होल्टचा दाब लागतो, म्हणून त्याचा ॲम्प्लिफायर स्वतंत्रच हवा. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये 'एचडी ४१४' आणला. पाठीमागून उघडा, हलका, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा. त्याचा अडथळा २००० ओहम होता. एवढ्या अडथळ्याच्या हेडफोनला एक मिलिवॉट बळ द्यायला सुमारे १.४ व्होल्टचा दाब लागतो. ३२ ओहमच्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट पुरतो, पण प्रवाह जास्त लागतो. घरातल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांपाशी दाबाची ददात नव्हती.

ददात पडली ती १ जुलै १९७९ ला, सोनीचा वॉकमन आला तेव्हा. दोन पेन्सिल सेल म्हणजे अवघे तीन व्होल्ट. तेवढ्यात गाणे वाजायचे, तर हेडफोनचा अडथळा कमी हवा. खिशातल्या यंत्रांसाठी १६ किंवा ३२ ओहमचे हेडफोन रूढ झाले ते ह्याच कारणाने. आजही मोबाईलपासून साधारण एक व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो. ३०० ओहमचा हेडफोन त्यावर वाजेल, पण भरल्या मैफलीचा एखादा उंच प्रसंग आला की त्याचा दम कमी पडेल. ॲम्प्लिफायर घ्यावा तो येथे.

उगमाची कहाणी मात्र ह्याच सुमारास पालटली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सीडीचे यंत्र विक्रीला आले, आणि गाणे आकड्यांत लिहिले जाऊ लागले: दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येक सोळा बिटांचे. त्या आकड्यांचा पुन्हा सूर करणाऱ्या भागाला 'डॅक' म्हणतात. नंतर एमपी३ आले. १२८ किलोबिटांच्या फाइलीत सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शाइतकेच आकडे उरतात. २०१६ मध्ये ॲपलने आयफोनचे हेडफोनचे भोकच काढून टाकले, अनेकांनी तोच कित्ता गिरवला, आणि डॅक व ॲम्प्लिफायर दोन्ही बोटभर लांबीच्या जोडतारेत जाऊन बसले. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये तर ते हेडफोनच्याच पोटात असतात. त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर शोधत बसणे व्यर्थ. आणि गौहरजानच्या १९०२ च्या ध्वनिमुद्रणात भोंग्याने जे पकडलेच नाही, ते कोणताही डॅक परत आणणार नाही.

तेव्हा खरेदीला निघताना क्रम असा ठेवावा. प्रथम आपल्याला आवडेल, डोक्याला टोचणार नाही असा हेडफोन. सर्वात जास्त पैसे तेथेच घालावेत, कारण कानाला सर्वात मोठा फरक तोच जाणवून देतो. मग गाण्याची चांगली प्रत. मग त्या हेडफोनचे ओहम आणि एका मिलिवॉटला तो किती डेसिबल देतो, हे दोन आकडे पाहून, अडत असेल तरच ॲम्प्लिफायर. अडथळा थोडा आणि आवाज सहज देणारा हेडफोन असेल, तर साधी जोडतारही पुरते. उलट त्याला दांडगा ॲम्प्लिफायर लावला तर गाण्यामागे खरखरच ऐकू येईल. पारख करायची तर ओळखीच्या मैफलीतला नुसता तंबोरा ऐकावा. खर्जाची तार गुरगुरत नाही, जवारीची झंकार विरून जाईपर्यंत सुटी सुटी राहते, आणि दोन आवर्तनांमधली शांतता स्वच्छ आहे, एवढे झाले की पाकीट मिटावे. दोन यंत्रांची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवावा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

आणि एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. बाल्डविनला बळ मिळत नव्हते. आपल्याला ते मागाल तेवढे मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. पुढे दर तीन डेसिबलला बळ दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते, १०० ला जेमतेम पंचवीस मिनिटांवर. कानाच्या आतल्या शंखातल्या ज्या सूक्ष्म केशपेशी सूर टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हेडफोन, ॲम्प्लिफायर, उगम, तिन्ही बदलता येतात. चौथे जे आहे ते जन्माबरोबर एकदाच मिळालेले. चांगल्या ॲम्प्लिफायरची खरी चैन ही की, बटण निम्म्यावर असतानाही गाणे पूर्ण वाटते. तेवढ्यावर थांबावे आणि हेडफोन घरातल्या पुढच्या माणसाच्या हाती द्यावा.