तेरची ठेव आणि आपले दान



मुनी कनकामर यांनी सुमारे ११ व्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचले. त्यात आपल्याच भागातली एक गोष्ट आहे. तेरापूरजवळच्या डोंगरातल्या लेण्यात करकंड राजाला पार्श्वनाथांची मूर्ती दिसते. सिंहासनावर एक गाठ असते. ती बरी दिसत नाही, म्हणून राजा ती फोडायला सांगतो. आत पाण्याची शीर आहे, असे कारागीर सांगतो, पण राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाणी उसळते आणि लेणे भरून जाते. मग राजाला पश्चात्ताप होतो.

राजाचा हेतू चांगलाच होता. माझाही होता. सासूबाईंच्या माहेरची हस्तलिखित पोथी फाटली होती. मी पाने चिकटपट्टीने जोडली. काही वर्षांनी पट्टी पिवळी पडली. ती काढताना अक्षरेही तिच्यासोबत निघून आली.

तेरापूर म्हणजे आजचे तेर. लातूरहून मुरूड, ढोकी करत तिथे जाता येते. संत गोरोबा काकांचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ नावाने रोमपर्यंत ठाऊक होते. इथून कापड भडोच बंदराकडे जाई. गावातल्या पांढरीत त्या काळातल्या वस्तू सापडत राहिल्या. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे जमवल्या. हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने तेरला संग्रहालय उभे राहिले. तिथे आज २३ हजारांवर वस्तू आहेत. त्यात मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय मूर्ती सापडली.

मैत्रिणींनो, जमवणे हे अर्धे काम झाले. हस्तिदंत दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि शेवटी तडकतो. मातीच्या मूर्तीत मुरलेले क्षार वर आले की पापुद्रे सुटतात. लोणच्याच्या बरणीला आपण ओला हात लावू देत नाही, शालूची घडी वरचेवर बदलतो. संग्रहालयातली निगाही तशीच असते, फक्त त्यासाठी शिकलेले हात लागतात आणि पैसाही लागतो.

मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. पुढे त्याची रया गेली. २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांनी करार केला. प्रतिष्ठानने निधी दिला, जाणकारांनी काम पाहिले. २००५ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. दाता आणि जाणकार असे एकत्र आले, म्हणून ते झाले.

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्याकडे म्हणतात. पण आपण जीर्णोद्धार म्हणतो तेव्हा बरेचदा जुने पाडून संगमरवर बसवतो, झिजलेल्या मूर्तीला रंग देतो. ती करकंडाची गाठच नव्हे का?

यंदा उत्तम त्यागाच्या दिवशी आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आठवाल, तेव्हा शास्त्रदानात जुन्या पोथ्या आणि मूर्तींचे जतनही धरा. मंदिराच्या बैठकीत कुणी ‘नवे करू’ म्हणाले, तर एवढेच विचारा, “आधी जाणकाराला दाखवले का?”

माझी पोथी आता मलमलीत बांधून ठेवली आहे. जाणकाराला दाखवेपर्यंत मी तिला हात लावणार नाही.