आमचें घर, आमची वाडी, आमचें बावखल

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपण मंदिराचा इतिहास आदरानें आठवितों. परंतु ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उपासक या मंदिरांत आले, त्या घरांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. तो येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आपली वसई १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांच्या हातीं गेली व १७३९ सालीं मराठ्यांनीं ती जिंकून घेतली. या सुमारें दोनशें वर्षांत आपल्या पूर्वजांचा धर्म पालटला. घर मात्र फारसें पालटलें नाहीं. उंच जोतें, पुढें ओटी, आंत माजघर, लांकडी खांबांवर उतरतें छप्पर व शेणानें सारवलेली जमीन. कुपारी कुटुंबाच्या व शेजारच्या सामवेदी ब्राह्मणाच्या घराची ही मांडणी बहुतांशीं एकच. अंगणांत तुळशीवृंदावनाच्या जागीं क्रूस उभा राहिला. १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढिला आणि पुढें आपल्याकडेही मंगळुरी कौलें आलीं. तरी छपराचा उतार तोच राहिला.

या घराचें खरें मर्म भिंतींबाहेर आहे. समुद्र जवळ असल्यामुळें जमिनीखालीं खारें पाणी शिरण्याचें भय. म्हणून वाडवडिलांनीं वाडीवाडींत बावखलें खणिलीं. पावसाचें पाणी त्यांत साठे, जमिनींत मुरे व खाऱ्या पाण्यास दूर ठेवी. त्याच पाण्यावर रहाट फिरे आणि केळी व पानवेली वाढत. घर, वाडी व बावखल मिळून एकच वास्तु होई.

आतां कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं, अंगणें सिमेंटनें झांकलीं गेलीं. जुलै २०१८ मध्यें वसईच्या कांहीं भागांत पाणी दिवसेंदिवस दारांत उभें होतें. अतिवृष्टि हें त्याचें एक कारण खरें. पण पाणी मुरण्याची जागा आपणच बुजविली, हेंही विसरतां येत नाहीं.

सर्वांनीं जुनीं घरें राखावीं असें माझें म्हणणें नाहीं. कुटुंबें वाढलीं, लांकूड महागलें, हें मी जाणतों. मात्र नवें घर बांधणाऱ्यानें बावखल बुजवूं नये व अंगणाची थोडी तरी माती उघडी ठेवावी. घरास आशीर्वाद देण्यास आम्हांस बोलवाल, तेव्हां तुमच्या विहिरीचें गोडें पाणीही आम्हांस पाजावें. सृष्टि ही देवानें दिलेली ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.