सुरतेची मानवधर्म सभा आणि पंचवीस वर्षांची वाट

मराठी माणसाने सुरतेचे नाव घेतले की त्याला दोन साले आठवतात, १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराजांच्या त्या स्वाऱ्या शाळेपासून आपल्या मनावर कोरलेल्या आहेत. याच शहरात पुढे एक मराठी माणूस शिक्षक होऊन आला आणि त्याने येथे जे आरंभले, त्याचे १८४४ हे साल मात्र आपल्या घरांतून फारसे उच्चारले जात नाही. आज त्याविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

त्या काळची सुरत डोळ्यांपुढे आणा. बंदराचे वैभव मुंबईकडे गेलेले. १८३७ च्या एप्रिलात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तापीच्या पुराने उरलेसुरले शहर बुडविले. आयुष्य क्षणभंगुर आहे, हे अशा शहराला कीर्तनकाराने सांगावे लागत नव्हते. अशा वेळी माणसे भयाने अधिकच घट्ट धरून बसतात ती भूतबाधा, मंत्रतंत्र आणि सोवळेओवळे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ चा, मुंबईचा. १८३६ साली त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, म्हणून आपण त्यांना व्याकरणकार म्हणून ओळखतो. सरकारी इंग्रजी शाळेच्या कामानिमित्त ते सुरतेस आले. येथे त्यांना दुर्गाराम मंछाराम मेहता भेटले. दोघेही पेशाने शिक्षक. दिनमणिशंकर, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास हे आणखी तिघे त्यांना मिळाले. पाचांचीही नावे ‘द’ पासून सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणतात. २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली.

सभेची तत्त्वे थोडकी होती. ईश्वर एक, धर्म एक, मनुष्यजात एक. माणसाची थोरवी जन्मावर नव्हे, गुणावर. आणि ज्ञान सर्वांना. सभेत भाषणे होत, मंत्र जाणणाऱ्यांना आपली शक्ती सिद्ध करून दाखविण्याचे आव्हान दिले जाई. आयुष्य थोडे आहे, म्हणून संसार सोडा, असे ही मंडळी सांगत नव्हती. आयुष्य थोडे आहे, म्हणून ते खोट्या भयात घालवू नका, असा त्यांच्या उपदेशाचा रोख मला दिसतो.

सभा फार टिकली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले, आणि ती मावळली. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, पण ती गुप्त. जातिभेद मोडण्याची शपथ घेणारे हे लोक जातीच्या भीतीने आपली नावे झाकून ठेवीत. सभासदांच्या नावांचा बोभाटा होताच ती विसकटली.

वाचकहो, येथे थोडे थांबू. दादोबांनी आपले विचार ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात मांडले होते ते १८४३ च्या सुमारास. ग्रंथ छापला गेला १८६८ मध्ये, आणि तोही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. म्हणजे पंचवीस वर्षे. याच अवधीत त्यांचा धाकटा भाऊ भास्कर पांडुरंग निवर्तला. इंग्रजी राज्यावर १८४१ मध्ये वृत्तपत्रातून निर्भीड पत्रे लिहिणारा हा तरुण १८४७ मध्ये, जेमतेम तिशी ओलांडून गेला. मृत्यू घरात येऊन गेला तरी हस्तलिखित पेटीतच होते.

त्यांना भित्रे म्हणण्याची घाई आपण करू नये. त्या काळी बहिष्कार म्हणजे मुलींची लग्ने अडणे, श्राद्धाला भटजी न मिळणे. नोकरी, कुटुंब, आप्तेष्ट सांभाळून सत्य बोलणे किती अवघड, हे परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको. शिवाय दादोबा परंपरेशी वैर धरणारेही नव्हते. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी टीका लिहिली आणि तिला आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदापांडुरंगी’ म्हटले. त्यांच्या मनात भक्ती आणि विवेक शेजारी नांदत होते.

तरीही जे पेरले ते वाया गेले नाही. १८६७ मध्ये मुंबईत उघडपणे प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यात पुढाकार होता दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा. एका भावाला जे नाव झाकून लिहावे लागले, ते दुसऱ्याने चारचौघांत उभे राहून केले. १८८० मध्ये, मृत्यूपूर्वी दोन वर्षे, दादोबांनी ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ लिहिला. सुरतेत धरलेला विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नव्हता.

आपणही घरी जाऊन आपापली पेटी उघडून पाहावी. पटलेले, पण अद्याप न बोललेले असे काहीतरी तिच्यात असेल. दादोबांना पंचवीस वर्षे वाट पाहता आली. तेवढी वर्षे आपल्या हाती आहेत, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?