गुत्ता, कविता आणि एडिंबरो

आपल्या भाषेंत दारूच्या दुकानास गुत्ता म्हणतात. गुत्ता ह्याचा मूळ अर्थ मक्ता. सरकारी उत्पन्नाची बाब ठराविक रकमेस बोलून घ्यावयाची ती गुत्त्यानें. गुत्तेदार ह्या शब्दांत तो अर्थ अद्यापि शाबूत आहे. म्हणजे दारू जेथें विकली जाते त्या जागेस आपण नांव दिलें तें सरकारच्या तिजोरीवरून. इंग्रजांनीं तशाच जागेस 'पब्लिक हाउस', म्हणजे सार्वजनिक घर, असें म्हटलें, व तोच शब्द झिजून पुढें 'पब' झाला. एका शब्दांत वसुली दिसते, दुसऱ्यांत बैठक. ह्यावरून दोन समाजांच्या नीतिमत्तेची तुलना करण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. दारूनें धुळीस मिळालेलीं घरें दोहोंकडेही पुष्कळ आहेत. परंतु स्कॉटलंडच्या राजधानीचा अठराव्या शतकांतील इतिहास पाहूं लागलें असतां 'सार्वजनिक घर' हा शब्द केवळ सभ्यपणाचें पांघरूण नसून अक्षरशः खरा होता असें दिसून येतें. ही गोष्ट माझ्या मनावर ठसली ती तेथील एका सायंकाळच्या फेरीमुळें. आणि त्या फेरींत जें सांगण्यांत आलें त्यापेक्षां जें गाळण्यांत आलें त्यानेंच मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केलें.

एडिंबरो, डब्लिन इत्यादि जुन्या शहरीं प्रवाशांकरितां अशा फेऱ्या काढण्याचा प्रघात आहे. ठराविक शुल्क भरावें, नेमल्या वेळीं एका पानगृहापाशीं जमावें, आणि वाटाड्याच्या मागून त्याची कथा ऐकत एकामागून एक तीनचार पानगृहें पाहावीं. पेला ज्याचा त्यानें स्वखर्चानें घ्यावा. क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्यायाच्या मागून देवळें हिंडणारे यात्रेकरू ज्यानें पाहिले आहेत त्यास हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, येथें ज्याचें त्याचें तीर्थ निराळें. प्रस्तुत लेखकाचें तीर्थ लिंबाच्या सरबताचें होतें, व त्याबद्दल मंडळींत कोणी नाक मुरडलें नाहीं. आमचे वाटाडे दोघे नट होते. एकानें मद्याचा कैवार घ्यावा व स्कॉटिश काव्याचा उगम पिंपांत दाखवावा. दुसऱ्यानें बुद्धीचा व सदाचाराचा पक्ष धरून त्याच पिंपांत कवि बुडाले असें म्हणावें. वाद चटकदार होता, पाठांतर उत्तम होतें, आणि मंडळी खुषींत होती. दोघेही एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत, आणि ती गोष्ट मुख्य नव्हे, हें ध्यानांत येण्यास मला बराच वेळ लागला.

फेरी सुरू झाली ती ग्रासमार्केट नांवाच्या चौकांत. हा पूर्वीचा गुरांचा बाजार, आणि फांशी देण्याची जागाही हीच. मॅगी डिक्सन नांवाच्या स्त्रीस १७२४ सालीं येथें फांशीं दिलें व पुरावयास नेतांना ती शवपेटींत जिवंत आढळली. तिच्या नांवाचें एक पानगृह आज त्या चौकांत उभें आहे. चौकाच्या डोक्यावर सरळ कड्यावर किल्ला दिसतो. ह्या किल्ल्याचे उपाधिपति लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांचा एक मुलगा तेथें अटकेंत असलेल्या फ्रेंच कैद्यांत मिसळून राज्यक्रांतीचीं गाणीं शिकला होता असें त्याच्या चरित्रांत सांगतात. १७९१-९२ सालीं तो येथल्या हायस्कुलांत शिकत होता. पुढें पेशवाई बुडाली तेव्हां पुण्यास रेसिडेंट असलेला व १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तो हाच. आमच्या वाटाड्यांस त्याच्याशीं कांहींच कर्तव्य नव्हतें, व तें साहजिक होतें. परंतु महाराष्ट्रीय मनुष्यास त्या कड्याखालीं उभें राहून त्याची आठवण न होणें कठीण.

आतां त्या शहराची रचना. किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा डोंगराचा एक दांडा, त्याच्या पाठीवर एकच मोठा रस्ता, आणि माशाच्या कांट्याप्रमाणें दोहों बाजूंस उतरणारे अरुंद बोळ: हें जुनें एडिंबरो. जागा थोडी, म्हणून घरें वर चढलीं. उतारावरच्या बाजूनें मोजलें तर कांहीं इमारती दहा मजल्यांच्याही वर जात. एकाच जिन्यावर खालीं दुकानदार, मध्यें न्यायाधीश अथवा एखादी उमरावाची विधवा, आणि वर शिंपी व मजूर असे राहत. जिना सर्वांचा एक, परंतु खोल्या इतक्या लहान कीं पाहुण्यास बसवावें कोठें हा प्रश्न श्रीमंतासही पडे. ह्याचें उत्तर खालच्या तळघरांत होतें. वकील आपल्या अशिलांस मद्यगृहांत भेटत, वैद्य रोग्यांस तेथें सल्ला देत, व्यापाऱ्यांचे सौदे तेथें ठरत. सर वॉल्टर स्कॉटच्या 'गाय मॅनरिंग' ह्या १८१५ सालच्या कादंबरींत एक विद्वान् वकील शनिवारीं रात्रीं क्लेरिह्यूच्या मद्यगृहांत पोरखेळ खेळतांना सांपडतो. त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. कालवें खाण्याचीं तळघरें होतीं, त्यांत प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियाही येत. रात्रीं दहाचा नगारा वाजला कीं घरंदाज मंडळी उठे. इतर कांहीं उठत, कांहीं बसून राहत.

ह्या बैठकींतूनच मंडळें निघालीं. १७६२ सालच्या पोकर क्लबांत डेव्हिड ह्यूम असे. पोकर म्हणजे शेकोटींतील निखारे चाळण्याची सळई, पत्त्यांच्या खेळाशीं त्याचा संबंध नाहीं. अ‍ॅडम स्मिथ, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक व भूगर्भशास्त्राचा आद्य प्रवर्तक जेम्स हटन ह्या तिघांनीं काढलेल्या मंडळाचें नांवच ऑयस्टर क्लब होतें. केप क्लब हा त्याहून साध्या लोकांचा. त्यांत कारागीर, दुकानदार, नट, चितारी असे सभासद असत आणि प्रत्येकास एक विनोदी सरदारकी मिळे. जुन्या स्कॉटिश गीतांचा पहिला चोख संग्रह १७६९ सालीं प्रसिद्ध करणारा डेव्हिड हर्ड ह्याच क्लबांतला. तो पेशानें हिशेबनीस होता. विद्यापीठानें ज्या गीतांस हात लावला नसता तीं ह्या मंडळींनीं एकमेकांस म्हणून दाखविलीं आणि लिहून घेतलीं.

परंतु ह्या सर्वांत बोलका बोळ म्हणजे अँकर क्लोज. त्याच्या खालच्या टोंकास विल्यम स्मेलीचा छापखाना होता, आणि वर डॉनी डग्लसचें मद्यगृह. स्मेली हा मुद्रकही आणि पंडितही. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ची १७६८ ते १७७१ ह्या काळांत निघालेली पहिली आवृत्ति त्यानें संपादिली, तेव्हां त्याचें वय तिशीच्या सुमारास होतें. आपल्याकडे पहिल्या ज्ञानकोशाच्या संपादकास पानगृहांत मंडळ काढल्याबद्दल काय ऐकावें लागलें असतें ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. डग्लस हा यजमान गेलिक भाषेंतील एक जुनें गाणें म्हणत असे. त्या गाण्याच्या नांवावरून स्मेलीनें आपल्या मंडळाचें नांव क्रोकॅलन फेन्सिबल्स असें ठेविलें. २८ नोव्हेंबर १७८६ रोजीं रॉबर्ट बर्न्स एडिंबरोस आला. आयरशायरचा हा शेतकरी. किल्मार्नक येथें छापलेल्या त्याच्या ६१२ प्रती एका उन्हाळ्यांत संपल्या होत्या. पुढच्या वर्षाच्या एप्रिलांत त्याची एडिंबरो आवृत्ति निघाली ती स्मेलीच्याच छापखान्यांतून. मुद्रितें तपासावयास बोळ उतरावा, आणि सायंकाळीं तोच बोळ थोडा चढून डग्लसकडे बसावें, असा त्याचा क्रम. मोठ्या घरच्या दिवाणखान्यांत त्यास कौतुकानें बोलावीत, पण तेथें तो नांगर धरणारा चमत्कार होता. डग्लसच्या खोलींत तो सभासद होता. त्या मंडळाकरितां त्यानें जमविलेलीं कांहीं गाणीं आजही घरांत मोठ्यानें म्हणण्यासारखीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

ह्यांतून जें सिद्ध होतें तें एवढेंच कीं, त्या शहरास दिवाणखाना नव्हता व मद्यगृहानें ती उणीव भरून काढली. छापखाना, न्यायालय, विद्यापीठ आणि पिंप हीं पांचशें पावलांच्या आंत होतीं. पेला हें त्या जागेचें भाडें होतें. भाडें भारी पडलें अशीं माणसें होतीं, ह्यांत संशय नाहीं. पण भाड्याची पावती पाहून घरांत काय घडलें हें सांगतां येत नाहीं. नॉर्थ ब्रिज १७७२ सालीं वाहतुकीस खुला झाला, जेम्स क्रेगच्या आराखड्याप्रमाणें पलीकडे नवें शहर वसलें, सुखवस्तु लोक मोठ्या खोल्यांच्या घरांत गेले, आणि हळूहळू बैठकीही तिकडे गेल्या. जुन्या तळघरांत नुसती दारू उरली. पिण्याची सवय तेवढीच राहिली, पण ह्यूम-स्मिथांसारखी मंडळी पुन्हां तेथें जमली नाहीं. मद्य हेंच कारण असतें तर असें होतेंना.

नटांच्या वादांत रॉबर्ट फर्ग्युसन पांचएक मिनिटांत आटोपला. कैवाऱ्यानें त्याची एक विनोदी ओळ म्हटली, दुसऱ्यानें डोक्यास हात लावून तो वेडा होऊन मेला असें सुचविलें, आणि आम्ही पुढें निघालों. हा कवि १७५० सालीं ह्याच शहरांत जन्मला. सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठांत शिकला, बाप वारल्यावर परत आला, आणि कचेरींत दस्तऐवजांच्या नकला करून पोट भरूं लागला. १७७२ च्या आरंभापासून रडिमनच्या साप्ताहिकांत त्याच्या स्कॉट बोलींतल्या कविता येऊं लागल्या. बाजार, घोड्यांच्या शर्यती, कालवांचीं तळघरें, शहराचा धूर, असे त्याचे विषय. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो केप क्लबचा सभासद झाला. पुढें त्यास धार्मिक विषण्णतेनें घेरलें. त्यानें आपलीं हस्तलिखितें जाळलीं. एकदां तो जिन्यावरून पडला व डोक्यास मार बसून भ्रमिष्ट झाला. मित्राकडे जावयाचें आहे असें भासवून त्यास मेण्यांत बसविलें आणि वेड्यांच्या सार्वजनिक कोठडींत नेऊन सोडलें, असें सांगतात. १७ ऑक्टोबर १७७४ रोजीं तो तेथेंच वारला. वय चोवीस.

त्यास तपासणाऱ्या वैद्याचें नांव अँड्र्यू डंकन. त्या कोठडींत जें पाहिलें त्याचा त्या तरुण वैद्याच्या मनावर इतका परिणाम झाला कीं, वेड्यांकरितां माणसास शोभेल असें रुग्णालय व्हावें म्हणून त्यानें पुढें अनेक वर्षें खटपट केली, आणि १८१३ सालीं तें मॉर्निंगसाइड येथें उघडलें. एडिंबरोच्या इतिहासांत फर्ग्युसनच्या मृत्यूस अर्थ आहे तो हा. फेरींत डंकनचें नांवही निघालें नाहीं. त्याच्या नांवाचें पानगृह नाहीं हें त्याचें कारण असावें. उलट डीकन ब्रॉडी, म्हणजे दिवसा सुतारांचा प्रमुख व नगरपालिकेचा सभासद आणि रात्रीं घरफोड्या, १७८८ सालीं फांशीं गेला, त्याच्या दुतोंडी पाटीखालीं आम्ही चांगला पाऊण तास होतों.

बर्न्सच्या बाबतींत अन्याय उलट दिशेनें झाला, आणि तो एका सज्जनानें केला. बर्न्स १७९६ सालीं सदतिसाव्या वर्षीं डम्फ्रीज येथें वारला. त्याच्या विधवेस व मुलांस मदत व्हावी म्हणून लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी ह्यांनीं १८०० सालीं त्याचे ग्रंथ चार खंडांत काढले व आरंभीं चरित्र जोडलें. करी हे मद्याचे कट्टर विरोधी. कवि दारूनें मेला हें मत त्यांच्या चरित्रानें रूढ झालें व शंभर वर्षें प्रत्येक पाठ्यपुस्तकानें तें गिरविलें. मींही महाविद्यालयांत तेंच वाचलें. आज वैद्यांचा कल असा कीं, लहानपणींच्या अतिश्रमानें व संधिवाताच्या तापानें त्याचें हृदय बिघडलें होतें, आणि शेवटच्या महिन्यांत सॉल्वेच्या थंडगार खाऱ्या पाण्यांत उभें राहण्याचा जो वैद्यकीय सल्ला त्यास मिळाला त्यानें उरलीसुरली शक्ति गेली. शिवाय शेवटचीं सातएक वर्षें बर्न्स हा अबकारी खात्याचा अंमलदार होता. पिंपें मोजून कर ठरविणें हें त्याचें काम. त्याचे वरिष्ठ अलेक्झांडर फिंडलेटर ह्यांनीं पुढें लेखी साक्ष दिली कीं, तो कामांत दक्ष होता. नेहमीं धुंदींत असणाऱ्या मनुष्यास हिशेबाचें तें काम सातआठ दिवसही निभलें नसतें. नीतीसाठीं सांगितलेलें खोटें आणि गमतीसाठीं सांगितलेलें खोटें ह्यांत मला निवड करवत नाहीं. दोन्हींत कवीच्या जागीं पेला बसतो.

शेवटचा मुक्काम नव्या शहरांत होता. हॅनोव्हर स्ट्रीटवरील मिल्न्स बारमध्यें विसाव्या शतकाच्या मध्यास ह्यू मॅक्डायर्मिड, नॉर्मन मकेग, सिडनी गुडसर स्मिथ हे कवि बसत. सँडी मॉफट ह्यांच्या १९८० सालच्या एका प्रसिद्ध चित्रांत हे सर्व एका मेजाभोंवतीं दिसतात. ती बैठक चित्रकारानें कल्पनेनें जुळविलेली आहे, आणि मॅक्डायर्मिड तर चित्र पुरें होण्यापूर्वींच, १९७८ सालीं, वारला होता. चित्र फार सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी एकटाच कॅननगेटच्या देवळाकडे गेलों. देवळाच्या दारापाशीं रस्त्यावर फर्ग्युसनचा धातूचा पुतळा आहे, २००४ सालचा. हातांत पुस्तक, लांब टांगा टाकीत चाललेला एक तरणाबांड पोरगा. आंत त्याच आवारांत अ‍ॅडम स्मिथही पुरलेला आहे. फर्ग्युसनच्या थडग्यावर पुष्कळ वर्षें कांहींच खूण नव्हती. बर्न्स शहरांत आला तेव्हां त्यास ती जागा बेवारस दिसली. ६ फेब्रुवारी १७८७ रोजीं त्यानें देवळाच्या व्यवस्थापकांस अर्ज करून दगड बसविण्याची परवानगी मागितली, दगडावरच्या चार ओळी स्वतः रचल्या, आणि रॉबर्ट बर्न नांवाच्या वास्तुशिल्पकारास काम सांगितलें. दगड १७८९ सालीं उभा राहिला. साडेपांच पौंडांचें बिल बर्न्सनें चुकतें केलें तें १७९२ च्या फेब्रुवारींत. पैसे पाठवितांना त्यानें मित्रास लिहिलें कीं, वास्तुशिल्पकारानें दगड उभा करावयास दोन वर्षें लाविलीं आणि मीं पैसे द्यावयास दोन वर्षें लाविलीं, तेव्हां आमची फिटंफाट झाली.